आपल्या गावातली स्त्री-पुरुष समानता कशी मोजायची? खान्देशातल्या गावांसाठी पायरी-पायरीने

चोपडा तालुक्यातल्या एका ओट्यावर मी वही घेऊन बसले होते. समोर पन्नाशीची बाई. मांडीवर सूप, सुपात कवडी कापूस. बोलता बोलता ती एकेक बोंड फोडत होती. कापूस एका बाजूला, टरफल दुसऱ्या बाजूला. वाळक्या बोंडाच्या टोकांनी तिची बोटं ओरखडलेली होती. मी विचारलं, "जिजी, तुम्ही काय काम करता?" ती म्हणाली, "काही नई माय, घरच ऱ्हास." माझ्यासोबतच्या मुलीने रकान्यात 'गृहिणी' लिहिलं आणि पान उलटलं.

त्या मुलीची चूक नव्हती. प्रश्न माझा होता आणि तो चुकीचा होता. ती बाई आमच्या डोळ्यांदेखत काम करत होती, तो कापूस पुढे जिनिंगला जाणार होता, त्याचे पैसे घरात येणार होते, आणि आमच्या कागदावर तिच्या नावापुढे शून्य काम पडलं होतं. 'बायका फारशा कामात नाहीत' असे जे आकडे आपण वाचतो, त्यांची सुरुवात अशा ओट्यांवर होते.

म्हणून हा लेख. गावातल्या बचत गटाच्या ताई, ग्रामपंचायत सदस्य, शिक्षक, कॉलेजातली मुलं यांनी ठरवलं तर एका गावाची मोजणी दीड-दोन महिन्यांत होते. लागतात चार वह्या, सहा-सात माणसं आणि बरीचशी चिकाटी.

गावाचा आकडा का हवा

२०११ च्या जनगणनेत ० ते ६ वयोगटात दर हजार मुलग्यांमागे राज्यात ८९४ मुली होत्या. जळगाव जिल्ह्यात ८४२ आणि नंदुरबारात ९४४. एकच खान्देश, एकच तापी, आणि फरक शंभराच्या वर. 'खान्देशात परिस्थिती अशी आहे' असं एका वाक्यात म्हणता येत नाही, ते यामुळे. जिल्ह्याच्या सरासरीतही हेच होतं. सातपुड्याच्या पायथ्याचा पाडा आणि केळीच्या पट्ट्यातलं बागायती गाव एकाच आकड्यात मिसळून जातात.

शिवाय तो आकडा जुना आहे. २०२१ ची जनगणना झाली नाही आणि पुढच्या जनगणनेची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ आहे. संयुक्त राष्ट्रांचा लिंगभाव विषमता निर्देशांक बघावा, तर त्यात मातामृत्यू, किशोरवयीन मातांचे जन्मदर, संसदेतल्या जागा, माध्यमिक शिक्षण आणि श्रमातला सहभाग येतो. देशांची तुलना करायला ते ठीक. आपल्या गावात बाईच्या नावावर किती जमीन आहे, हे त्यातून कळत नाही.

आधी ठरवा काय मोजायचं

सगळं मोजायला निघालात तर काहीच पुरं होणार नाही. माझा आग्रह पाच गोष्टींचा: काम आणि वेळ, मजुरी, जमीन आणि घर, जन्म, आणि ग्रामसभेतला आवाज. शिक्षण, आरोग्य हे विषय महत्त्वाचे आहेत, पण शाळेचा पट आणि अंगणवाडी ताईंच्या नोंदवह्या गावात असतातच. त्यातून मुलगे-मुली वेगळे मोजून घ्या, नव्याने विचारत बसू नका.

प्रत्येक तक्त्यात स्त्री, पुरुष आणि इतर असे तीन रकाने पहिल्या दिवसापासून ठेवा. नंतर वेगळं काढू म्हणाल तर ते निघत नाही. एकल महिला, म्हणजे विधवा, परित्यक्ता, घटस्फोटित, अविवाहित, यांची खूण वेगळी ठेवा. 'महिला' या एका शब्दाखाली सर्वांत आधी त्यांचीच परिस्थिती झाकली जाते.

कधी जायचं

आपल्याकडे याचा विचार फार बारकाईने करावा लागतो. अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी येतात. त्या आठवड्यात घरोघर माणसं मोजलीत तर तीच बाई माहेरीही मोजली जाईल आणि सासरीही. कानबाईच्या उत्सवाला सुरत, पुणे, मुंबईला गेलेली माणसं गावात असतात, तेव्हाची डोकी वर्षभराची समजू नका. दिवाळीनंतर साक्री, नवापूर, अक्कलकुवा, धडगाव या भागांतली कित्येक घरं ऊसतोडीला निघून जातात आणि दाराला कुलूप दिसतं.

पोळा ते दिवाळी हा काळ मला सर्वांत बरा वाटतो. स्थलांतर सुरू झालेलं नसतं, निंदणी उरकलेली असते आणि कापूस वेचणी लागलेली किंवा लागायच्या बेतात असते. वेळेची नोंद मात्र एकदा उन्हाळ्यातही करा. चैत्र-वैशाखात शेतातलं काम कमी असतं असं पुरुष सांगतात. त्याच दिवसांत बायका पहाटेपासून ज्वारीचं बिबड्यांचं पीठ शिजवत असतात, छतावर पापड-बिबडे घालत असतात आणि पाण्यासाठी जास्त लांब जात असतात.

कुणाला विचारायचं

बाईबद्दल बाईलाच विचारा. हे वाक्य सोपं आहे, पाळणं अवघड आहे. दारात गेलं की खुर्ची येते, खुर्चीसमोर घरातला कर्ता पुरुष येऊन बसतो आणि उत्तरं तोच देतो. बाई चौकटीला टेकून उभी राहते. अशा वेळी दोघं जा. एकाने भाऊंना, दादांना घराचे, जनावरांचे, पिकाचे प्रश्न विचारत ओट्यावर बसवून ठेवायचं आणि ताईने आत चुलीपाशी जायचं. अहिराणी बोलणारी ताई असेल तर उत्तम. पावरा, भिली, कोकणी बोलणाऱ्या पाड्यांवर तीच बोली येणारी मुलगी सोबत हवीच. दुभाष्या म्हणून सरपंचाचा माणूस नेऊ नका.

कुटुंबप्रमुख कोण, हा प्रश्नही जपून विचारा. राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायदा २०१३ प्रमाणे रेशनकार्डावर घरातली १८ वर्षांवरची सर्वांत मोठी स्त्री कुटुंबप्रमुख असते. कार्ड बघून 'महिला कुटुंबप्रमुख' असा शिक्का मारलात तर निम्मं गाव बायकांच्या हाती आहे असं दिसेल. त्याऐवजी विचारा: म्हैस विकायची तर कोण ठरवतं? कापसाचे पैसे कुणाच्या खात्यात येतात? त्या खात्याचं एटीएम कार्ड कुणाजवळ असतं?

कामाचा प्रश्न कसा विचारायचा

'तुम्ही काय करता' हा प्रश्न वहीतून खोडून टाका. त्याऐवजी कामांची यादी वाचा आणि प्रत्येकासाठी हो-नाही घ्या. 'गेल्या सात दिवसांत तुम्ही यातलं काही केलं का, घरचं असो की दुसऱ्याचं?' यादी गावानुसार बदला. कापूस वेचणं, कवडी फोडणं, निंदणी, खत टाकणं, भुईमूग तोडणं, मिरचीची देठं खुडणं, म्हशीचं दूध काढणं, चारा कापून आणणं, शेळ्या वळणं, शेण उचलणं, किराणा दुकानावर बसणं, शिवणकाम, बिबडे-पापड करून विकणं.

या यादीमागे एक कारण आहे. केंद्र सरकारच्या श्रमबल सर्वेक्षणात आठवड्यात कुठल्याही एका दिवशी तासभर काम केलं तरी त्या आठवड्यापुरतं ते काम धरलं जातं. घरच्या शेतात पैसे न घेता राबणारी बाईसुद्धा तिथे कामगार आहे. 'घरच्या धंद्यातली बिनपगारी मदतनीस' असा तिच्यासाठी स्वतंत्र गट आहे, संकेतांक २१. फक्त घरकाम करणारीसाठी ९२, आणि घरकामासोबत सरपण, चारा गोळा करणं किंवा घरापुरतं शिवण-टिपण करणारीसाठी ९३. व्याख्या बाईला सामावून घेते, प्रश्न विचारताना मात्र ती बाहेर पडते. ९२ आणि २१ मधला फरक बऱ्याचदा विचारणाऱ्याच्या पाच मिनिटांच्या धीराचा असतो.

त्या जिजींना दुसऱ्या फेरीत आम्ही यादी वाचून दाखवली. सातव्या 'हो'ला त्या स्वतःच हसल्या आणि म्हणाल्या, "हाई बी काम शे का?"

ऊसतोडीला जाणाऱ्या घरांसाठी एक प्रश्न वेगळा जोडा. तिथे नवरा-बायको मिळून 'एक कोयता' धरतात. उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेतली ती कुणाच्या नावाने, मुकादमाच्या वहीत बाईचं नाव आहे का, हिशेबाला ती हजर होती का, हे विचारा. कोयता मोजला की दोन माणसं मोजली जातात, पण नाव एकाचंच उरतं.

वेळ

२०१९ च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणात घरातल्या बिनमोबदला कामात स्त्रियांचे दिवसाला सरासरी २९९ मिनिटं जात होते आणि पुरुषांचे ९७. हे जे घरकाम करतात त्यांच्यापुरतं. मुळात असं काम करणाऱ्या स्त्रिया ८१.२ टक्के आणि पुरुष २६.१ टक्के. फरक मिनिटांपुरता नाही, जवळपास तीन चतुर्थांश पुरुष या हिशेबात येतच नाहीत.

गावात हेच करायचं तर कालचा दिवस पहाटे ४ पासून आज पहाटे ४ पर्यंत, अर्ध्या-अर्ध्या तासाच्या घरांत मांडा. सरकारी सर्वेक्षणाचीही हीच रीत आहे. घड्याळ विचारू नका. 'पहिली एसटी गेली तेव्हा काय करत होतात?', 'शाळा सुटली तेव्हा?', 'मालिका लागली तेव्हा?' अशा खुणांवरून वेळ बरोबर लागते.

एका वेळी दोन कामं असतील तर दोन्ही लिहा. चुलीवर भाकरी, पायावर नातू. एकच लिहिलंत तर सांभाळलेला नातू हरवतो. तिला विचारा, 'मुलांना किती वेळ सांभाळता?' ती म्हणेल, 'वेगळा वेळ कुठे देते?' आणि तेच तर मोजायचं आहे.

जिथे नळाला रोज पाणी येत नाही तिथे प्रत्येक घरी दोन दिवस नोंदवा, एक पाण्याचा आणि एक बिनपाण्याचा. पाण्याच्या दिवशी कोण घरी थांबलं, कुणाचा रोज बुडाला, हेही लिहा. त्याच घरातल्या एका पुरुषाचा दिवसही त्याच पद्धतीने भरा. नुसता बाईचा दिवस भरलात तर तुलना कशाशी करणार? सगळी घरं करायची गरज नाही. प्रत्येक गल्लीतून, प्रत्येक पाड्यातून चिठ्ठ्या टाकून ३०-४० घरं निवडा. ओळखीची घरं निवडू नका.

मजुरी

'बाईचा रोज किती, माणसाचा किती' एवढं विचारून भागत नाही, कारण कामं वेगळी आणि तासही वेगळे. तासाचा हिशेब काढा. समजा वेचणीला किलोमागे १० रुपये मिळतात आणि सकाळी ९ ते ५ मध्ये बाईने ३० किलो वेचला. ३०० रुपये, ८ तास, म्हणजे तासाला साडेसदतीस. त्याच वावरात फवारणीवाल्याला सकाळी ७ ते १२ चे ४०० मिळाले, तर तासाला ८०. आता वहीत दिसेल की फरक शंभर रुपयांचा नाही, दुपटीहून जास्त आहे.

समान कामाला समान मोबदल्याचा कायदा १९७६ मध्ये झाला. लोक लगेच म्हणतील, 'काम समान कुठे आहे?' म्हणून कामाचं वर्णन लिहून ठेवा: किती वाकावं लागतं, किती वजन उचलावं लागतं, उन्हात किती तास, कौशल्य कुठलं. चांगली वेचणारी बाई पाला-कचरा न येऊ देता दोन्ही हातांनी वेचते. त्याला कौशल्य म्हणायला आपण शिकलं पाहिजे.

जमीन आणि घर

हा भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो आणि चुकाही इथेच सर्वांत जास्त होतात.

सातबाऱ्यावरून मोजू नका. एकाच माणसाचं नाव दहा सातबाऱ्यांवर असू शकतं. खातेउतारा, म्हणजे नमुना ८-अ, वापरा. तलाठ्याकडे किंवा ऑनलाइनही तो मिळतो. प्रत्येक खात्यासाठी तीन गोष्टी लिहा: खातं एकट्या बाईचं, एकट्या पुरुषाचं की सामाईक, सामाईक असेल तर किती नावं बायकांची, आणि क्षेत्र. नावं मोजून थांबू नका. दहा खातेदारणींकडे मिळून पाच एकर आणि दहा खातेदारांकडे पन्नास एकर, तर 'निम्मे खातेदार महिला' हे वाक्य खरं असूनही फसवं आहे.

दोन ठिकाणी हमखास घोटाळा होतो. 'अ.पा.क.' लिहून पुढे आईचं नाव असेल, तर ती अज्ञान मुलाची पालनकर्ती आहे, मालकीण नाही. तिला मालकांत धरू नका. दुसरं, सातबाऱ्यावरचा 'इतर हक्क' रकाना उघडा. वारस बहिणींची, विधवांची नावं कब्जेदार सदरात न जाता कित्येकदा इथेच पडून राहतात. ती वेगळी मोजा. या यादीवरून तलाठ्याकडे थेट अर्ज करता येतो.

मग मागच्या पाच वर्षांचे वारस फेरफार, म्हणजे वारसांची नावं लावल्याच्या नोंदी, बघा. वडील वारल्यावर मुलींची नावं लागली का? लागली तर पुढच्या वर्ष-दोन वर्षांत हक्कसोड झाली का, म्हणजे त्यांनी आपला हिस्सा लेखी सोडून दिला का? मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत जन्माने हक्क महाराष्ट्राने १९९४ मध्ये दिला आणि देशाने २००५ मध्ये. कायद्याचं वय आणि फेरफाराच्या वहीतलं वास्तव शेजारी-शेजारी ठेवून बघा. हक्कसोड का केली, हे बहिणीला भावासमोर विचारू नका. तिचं माहेर त्या एका प्रश्नावर टांगलेलं असतं.

धडगाव, अक्कलकुवा, शिरपूर, यावल, चोपडा या पट्ट्यात वनपट्टे, म्हणजे वनजमिनीवरच्या हक्काचे कागद, आहेत. वनहक्क कायदा २००६ नुसार विवाहित दावेदाराचा पट्टा पती-पत्नी दोघांच्या नावाने द्यायचा असतो. मूळ पट्टा हातात घेऊन वाचा, मग सातबाऱ्यावर दोन्ही नावं आली का ते तपासा. घरासाठी ग्रामपंचायतीचा नमुना ८, म्हणजे घरांच्या कर-आकारणीची नोंद, बघा. तिथेही दोघांची नावं लावता येतात आणि यासाठी ग्रामपंचायतीबाहेर कुठे जावंही लागत नाही. लक्ष्मी मुक्ती योजनेतून नवऱ्याच्या हयातीत बायकोचं नाव सातबाऱ्यावर लागतं, तेही किती घरांनी केलं ते मोजा.

जन्म : इथे घाई नको

जन्म-नोंदणीचं रजिस्टर ग्रामपंचायतीत असतं. मागच्या पाच-दहा वर्षांत जन्मलेले मुलगे-मुली मोजणं अर्ध्या तासाचं काम आहे. पण निष्कर्ष काढताना थांबा.

निसर्गतः हजार मुलग्यांमागे साधारण ९५० मुली जन्मतात. लहान गावात वर्षाला २० जन्म असतील तर काहीही गैर नसताना ५ मुली आणि १५ मुलगे होऊ शकतात. प्रमाण ३३३ येईल आणि वर्तमानपत्रात बातमी होईल. पुढच्या वर्षी १४ मुली झाल्या तर सत्कार होईल. दोन्ही वेळा गावाने काहीच केलेलं नसतं. ३०० जन्म एकत्र केले तरी नुसत्या योगायोगाने प्रमाण साधारण ७५० ते १२०० मध्ये कुठेही पडू शकतं. म्हणून एका गावाच्या एका वर्षाच्या आकड्यावरून कुणावर बोट ठेवू नका. आसपासची गावं जोडा, प्राथमिक आरोग्य केंद्राच्या पातळीवर बघा, दहा वर्षं एकत्र करा.

जास्त बोलकी खूण दुसरी आहे: पहिली मुलगी असलेल्या घरात पुढचं मूल काय झालं? आणि घरातलं शेवटचं मूल कोण? मुलगा झाला की थांबायचं, असं चालत असेल तर शेवटच्या मुलांत मुलगे ठळकपणे जास्त दिसतात. ही माहिती घरोघरच्या यादीतून निघते, त्यासाठी कुणाला गर्भपाताबद्दल विचारावं लागत नाही. विचारूही नये. गर्भलिंग निदानाविरुद्ध कायदा करणारं महाराष्ट्र हे १९८८ मध्ये पहिलं राज्य होतं. त्या कायद्याचा रोख तपासणी करणाऱ्यांवर राहू द्या, सासरच्या दबावाखाली असलेल्या सुनेवर नको.

ग्रामसभेतला आवाज

पंचायतीत निम्म्या जागा २०११ पासून राखीव आहेत, त्यामुळे 'किती महिला सदस्य' याचं उत्तर सगळीकडे जवळपास सारखंच येतं. म्हणून प्रोसिडिंग बुक, म्हणजे सभेच्या ठरावांची वही, मागा. मागच्या दोन वर्षांच्या ठरावांत सूचक म्हणून किती वेळा बाईचं नाव आहे, अनुमोदक म्हणून किती वेळा, हे मोजा. कोणत्या विषयांवर आहे, तेही लिहा. ग्रामसभेआधी महिला सभा घेणं कायद्याने बंधनकारक आहे. ती झाली का, तिचे ठराव पुढे ग्रामसभेच्या वहीत उतरले का? ग्रामपंचायतीच्या स्वउत्पन्नाचे १० टक्के महिला-बालकल्याणावर खर्च झाले का? सह्यांवर जाऊ नका. दोन सभांना स्वतः बसा आणि कोण किती वेळा बोललं ते खुणा करून मोजा.

जे विचारायचं नाही

घरातल्या मारहाणीबद्दल घरोघर प्रश्न विचारू नका, हेतू कितीही चांगला असो. जागतिक आरोग्य संघटनेचे यासाठी कडक दंडक आहेत. पूर्ण एकांत, प्रशिक्षित व्यक्ती, एका घरात एकाच बाईला प्रश्न, आणि मदतीची सोय तयार असणं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणातही हे प्रश्न घरातल्या एकाच स्त्रीला विचारतात. गावच्या मोजणीत हे सांभाळणं शक्य नाही, आणि संध्याकाळी तुम्ही निघून गेल्यावर ती बाई त्याच घरात असते. एखादीने आपणहून सांगितलं तर ऐका, वहीत लिहू नका आणि १८१ हा महिला हेल्पलाइनचा नंबर तिच्या लक्षात राहील असा सांगा.

बाकी माहितीवरही नावाऐवजी घर-क्रमांक टाका. क्रमांक आणि नावं जोडणारी यादी वेगळ्या वहीत, एकाच जबाबदार ताईकडे कुलपात ठेवा. गल्लीत पाचच घरं असतील तर त्या गल्लीचा वेगळा आकडा मांडू नका, कोणाचं घर ते लगेच कळतं.

आकडे कुठे न्यायचे

आधी बायकांसमोर. महिला सभेत फळ्यावर खडूने काढा आणि विचारा, 'हे बरोबर वाटतं का?' आमच्या एका गावात सरपणाची वेळ आम्ही कमी धरली होती. बायकांनी तिथेच दुरुस्त केली, कारण आम्ही परतीच्या वाटेवरच्या मोळीचं वजन आणि विसाव्याची वेळ धरलीच नव्हती. मग २ ऑक्टोबरच्या सुमारास होणाऱ्या ग्रामसभेत, विकास आराखडा ठरायच्या आधी. आराखड्यातल्या नऊ संकल्पनांमध्ये महिला स्नेही गाव ही एक आहे, तिच्याखाली तुमचा प्रत्येक आकडा एका मागणीला जोडून द्या. पाण्याच्या दिवशी बुडालेले रोज असतील तर नळाचं वेळापत्रक. 'इतर हक्क'मध्ये अडकलेली नावं असतील तर तलाठ्याला गावातच एक दिवस बसवून फेरफार शिबिर. नमुना ८ वर एकच नाव असेल तर दोघांच्या नावाचा ठराव.

वह्या ग्रामसंघाच्या, म्हणजे गावातल्या बचत गटांच्या संघाच्या, कपाटात ठेवा. प्रश्नांची यादी, कामांची यादी, घरं कशी निवडली, कुठल्या आठवड्यात गेलात, हे पहिल्या पानावर लिहा. दोन वर्षांनी दुसऱ्या मुली जातील तेव्हा त्यांनी हेच प्रश्न, याच शब्दांत, पोळ्यानंतरच विचारायला हवेत.